झाकलेली वाट

फोनवर अक्षरं उमटली, "दातवाल्याची बायको. यापूर्वी पैसे दिलेले," आणि कोटाची एकच बाही चढवलेली, दुसरी लोंबकळते आहे, असा तो तिथंच थिजला. समोर शिवणयंत्रामागे काकू दोऱ्याचं टोक दातांनी तोडत होत्या. काउंटरच्या फळीवर, सुयांच्या डबीशेजारी, चारी बाजूंनी चिकटपट्टी लावलेला तो काळा-पांढरा चौकोन होता, ज्याच्यावर त्याने आत्ताच फोन धरला होता. दुकान त्याच्या बायकोचं. दुकान कसलं, लाँड्रीच्या पाठीमागची एक खोली, दोन यंत्रं आणि लोकांचे घट्ट झालेले कपडे सैल आणि सैल झालेले घट्ट करून देण्याचा धंदा. लग्न जुनं झालं तरी तो इथं आज पहिल्यांदाच आला होता, आणि तेही महत्त्वाच्या बैठकीच्या तोंडावर दाराच्या कडीत अडकून कोटाचं अस्तर टरकन फाटलं म्हणून. बायको कापड आणायला बाहेर गेली होती. काकू तिच्या भागीदार. त्यांनी त्याला ओळखलं नाही, आणि ओळख द्यावी असं काही त्यालाही वाटलं नाही.

"गेले ना पैसे?" काकूंनी विचारलं.

"गेले."

"मग असे काय बघताय? जास्त गेले का?"

"नाही."

"आमच्या ताईंच्या मिस्टरांनी करून दिलंय ते. फार हुशार आहेत म्हणे. आम्ही काही कधी पाहिले नाहीत बाई." काकूंनी त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. "पाणी देऊ का तुम्हाला?"

पाण्याचा पेला त्याच्या हातात आला, तो त्याने तसाच फळीवर ठेवला आणि तो बाहेर पडला. उन्हात रस्ता नेहमीसारखाच चालला होता. लोक फोनमध्ये तोंड घालून चालत होते, आपण कुठं आहोत, काय खातो आहोत, कुणावर चिडलो आहोत हे साऱ्या जगाला ओरडून सांगत होते, आणि एरवी ह्या माणसांकडे बघून त्याच्या ओठाची एक कड आपोआप वर गेली असती. ज्याला लपवता येत नाही त्याची काही लायकी नाही, असं त्याचं ठाम मत होतं. त्याचा मेहुणा विमा विकायचा आणि सकाळी दात घासल्यापासून रात्री जांभई देईपर्यंतचे फोटो टाकायचा. त्या मेहुण्याशी तो चार वाक्यांपलीकडे कधी बोलला नव्हता. सासू त्याला पाठीमागे 'कुलूप' म्हणायची. हे त्याला कळलं होतं आणि मनातून आवडलंही होतं. पण आज ओठ जागचा हलला नाही. दातवाल्याची बायको. हे नाव त्यानेच दिलेलं होतं, त्याच्या फोनमध्ये, त्याच्यापुरतं. एखाद्या कोडला आपण आधी पैसे दिले असतील तर फोनमधलं पाकीट तो कोड ओळखतं आणि आपण ठेवलेलं नाव दाखवतं. ते बिटकॉइनचं पाकीट त्याच्या कंपनीचं होतं आणि हा ओळखण्याचा भाग तर त्याच्याच हातचा होता. दोन वेगळ्या कोडांना चुकून एक नाव लागणं शक्य नव्हतं. त्याच्या हातून तसल्या चुका होत नसत. तसल्या चुका इतरांच्या हातून होत.

दातवाल्याची बायको म्हणजे एक लिहिणारी. इंटरनेटवर एक पांढरं पान, नाव नाही, फोटो नाही, गाव नाही. खाली एक कोड, वाटलं तर पैसे द्या, नाही वाटलं तर पुढं जा. त्या पानावर एक बाई आपल्या नवऱ्याबद्दल लिहायची. नवरा दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावतो आणि घरी आल्यावर स्वतःचं उघडत नाही, असं पहिल्याच लेखात तिने लिहिलं होतं, आणि ते वाचून तो कचेरीत एकटाच मोठ्यांदा हसला होता. लोकांचं लिहिणं त्याला सोसत नसे. उमाळे, उसासे, भिजलेले रुमाल. पण ही बाई कोरडी होती. ती रडायची नाही, बघायची. डॉक्टर घरी आल्यावर कोपरापर्यंत हात धुतो, जणू रोगी घरातच आहे. डॉक्टर जेवताना तिचं व्याकरण सुधारतो. तिचा बाप गेला त्या दिवशी डॉक्टर इस्पितळाच्या बाकावर बसून समोरच्या परिचारिकेचे दात किती वाकडे आहेत ते तिला समजावून सांगत होता. काय माणूस आहे हा, त्याला वाटलं होतं. असल्या माणसाला चार चौघांत उभा करून जोड्याने हाणला पाहिजे. त्याने तिला पैसे पाठवले, आणि पैशांबरोबर संदेशाची एक ओळ जाते तिथं लिहिलं, "तुमचा डॉक्टर ठोंब्या आहे. तुम्ही मात्र लिहीत राहा." खाली सही काय करायची? कोणी दिलं ते घेणाऱ्याला कळू नये म्हणून दर वेळी देणाऱ्याची खूण नवी होते. हेही त्यानेच बसवलं होतं. म्हणजे पुढचा संदेश आला तरी तो मागच्याच माणसाचा आहे हे तिला कळणार नव्हतं. ते त्याला बरं वाटेना. म्हणून त्याने खाली लिहिलं, "एक वाचक". आणि पुढच्या वेळी, "तोच".

प्रेमात पडला होता, असं म्हणायला त्याची जीभ रेटली नसती, पण दुसरा काही शब्दही नव्हता. नवा लेख आला की त्याचा दिवस सुधारायचा. शेजारी बायको उशीला टेकून फोनवर काहीतरी टाइप करत असायची, आणि हिच्या डोक्यात काजांपलीकडे काही नाही असं मनाशी म्हणत तो पाठ फिरवून आपल्या फोनवर दातवाल्याच्या बायकोचं वाचायचा. त्या डॉक्टरचा त्याला हेवा वाटे. असली बाई घरात असून ह्या गाढवाला तिचं काहीच नाही.

आणि कोड? कोड त्यानेच करून दिला होता. कंपनीला चाचणीसाठी खरी दुकानं हवी होती, साहेबांनी विचारलं कुणाचं आहे का ओळखीतलं, आणि त्याने खांदे उडवत बायकोचं सांगितलं. जुना प्रकार असा की बिटकॉइनवर रचलेल्या, भराभर चालणाऱ्या थरात पैसे मागायचे तर प्रत्येक गिऱ्हाइकाला नवी मागणी करून द्यावी लागे. ती एकदा वापरली की मेली. बायको वैतागली होती. हातात कात्री, तोंडात टाचण्या, आणि दर माणसाला फोन काढून नवा चौकोन दाखवायचा. "एकदाच करून चिकटवता येईल असं काही नाही का?" तिने विचारलं होतं. नवा प्रकार तेव्हाच तयार झाला होता. चौकोन तोच राहतो, कितीही वेळा चालतो. फोन त्यावर धरला की मागच्या मागे दर वेळी ताजी मागणी येते आणि फेडली जाते. शिवाय पैसे जातात त्या वाटेचे शेवटचे टप्पे झाकलेले असतात. देणाऱ्याला एका दारापर्यंतचाच पत्ता मिळतो. त्या दाराला पुढचं दार माहीत असतं, पुढच्याला त्याच्या पुढचं, आणि घेणारा कुठं बसला आहे हे कुणालाच कळत नाही. ह्या झाकण्यावर त्याने आयुष्यातली चांगली वर्षं घातली होती. तिच्या फोनवर तो कोड तयार करताना तिने मान पुढं घालून विचारलं होतं, "ह्यात काही सांभाळायचं असतं का?" तो म्हणाला होता, "तुला कळायचं नाही. चिकटव आणि विसरून जा."

तिने तसंच केलं. दुकानात चिकटवला आणि आपल्या पांढऱ्या पानावरही चिकटवला. नवऱ्याने सांगितलंय, कितीही वेळा चालतो, कुणाला कळत नाही. वाट झाकलेली होती हे अगदी खरं होतं. पण झाकलेल्या वाटेच्या तोंडाशी तीच एक पाटी दोन्ही ठिकाणी लावली, तर वाट कशाला शोधायला हवी? पान वाचणारा कुणीही माणूस फाटलेला खिसा घेऊन काकूंसमोर उभा राहिला की काम झालं. उद्या तिची शेजारीण असेल, परवा मेहुणाच असेल. आणि मेहुण्याला कळलं म्हणजे दवंडी पिटल्यासारखंच.

बैठकीत पाहुणे आले होते, साहेबांनी नवा टाय लावला होता, आणि जाहिरातीचं बघणारा पोपट, ज्याला हे नाव त्यानेच ठेवलं होतं, तीच पाठ केलेली वाक्यं उडवत होता. खासगीपणा हा प्रत्येकाचा हक्क आहे. आमच्या पाकिटात तुमचं जीवन तुमचंच राहतं. साहेब माना डोलवत होते. ह्या माणसाला वाट आणि दार यांतला फरक तीनदा समजावून सांगितला होता आणि तीनदा तो "म्हणजे थोडक्यात सुरक्षित," एवढंच म्हणाला होता. पाहुण्यांतल्या एका पोक्त बाईंनी चष्मा वर सरकवत विचारलं, "समजा, माणसाने एकच कोड दोन ठिकाणी लावला तर?" हा प्रश्न नेहमी यायचा. त्याचं उत्तरही ठरलेलं होतं: मूर्खपणावर आमच्याकडे औषध नाही. ह्या उत्तरावर नेहमी हशा पिकायचा. पोपटाने हसण्याच्या तयारीत त्याच्याकडे पाहिलं.

"त्यांना कुणी सांगितलेलं नसतं," तो म्हणाला.

"काय?" साहेब म्हणाले.

"लावायचा नाही, हे. ज्याने करून दिला त्याने सांगायला हवं होतं."

साहेबांना हे रुचलं नाही. पाहुण्या बाईंनी काहीतरी टिपून घेतलं. तो कोटाच्या अस्तरावरून बोट फिरवत बसला. काकूंनी टाके बारीक घातले होते.

घरी जाताना तो चालत गेला. चालता चालता एकेक लेख आठवत होता आणि दातवाल्याला खुर्चीतून उठवून तिथं स्वतःला बसवत होता. कुठंही अडत नव्हतं, हाच त्यातला सगळ्यात मोठा अपमान होता. कोपरापर्यंत हात धुणारा डॉक्टर: तो घरी आल्याबरोबर सगळ्यांचे फोन दुसऱ्या खोलीत ठेवायला लावायचा. परिचारिकेचे वाकडे दात: सासरे गेले तेव्हा इस्पितळाच्या बाकावर बसून तो बायकोला सांगत होता की इथं रोग्यांची माहिती ठेवण्याची पद्धत किती भिकार आहे, कुणीही उघडून बघेल. तिच्या हातात तेव्हा सासऱ्यांचा चष्मा होता. ती काही बोलली नव्हती, आणि तिला पटलं म्हणून ती गप्प आहे असं त्याला वाटलं होतं. मग तो दिव्याचा लेख. बायको रडायला लागली तेव्हा डॉक्टरने उठून दिवा थोडा वळवला, तिच्या तोंडावर उजेड पडावा म्हणून नव्हे, आपल्या डोळ्यांवर पडू नये म्हणून. हा लेख वाचून त्याने स्वतः लिहिलं होतं, "ह्या नगाबरोबर तुम्ही अजून का आहात?" आता त्याला दिवा शोधायचा होता. दिवा नव्हता, लॅपटॉपचा पडदा होता. ती दारात उभी राहून काहीतरी सांगत होती, मूल न होण्याबद्दल बहुतेक, आणि त्याने लॅपटॉप थोडा फिरवला होता कारण काचेत तिची सावली पडत होती. बहुतेक! काय सांगत होती तेही त्याला धड आठवेना. तिने मात्र दिव्याचा कोनसुद्धा लक्षात ठेवला होता.

आपण इतके मठ्ठ कसे? ह्या प्रश्नाने त्याला भर रस्त्यात गरम झालं. जगातल्या प्रत्येकाला मठ्ठ म्हणत आला, आणि स्वतःचंच चित्र समोर धरलं तेव्हा दुसऱ्याचं समजून थुंकला. तिने धंदा बदलला एवढ्यावर भुलला. दातांचा डॉक्टर म्हटल्यावर दुसरा कुणीतरी, हे त्याला पुरलं. मेहुण्याने एका लेखात त्याला ओळखला असता, सासूने पहिल्या ओळीत. आणि कबूल करायलाच हवं होतं, त्या नगाबद्दल त्याला जे वाटलं होतं ते अजूनही तसंच वाटत होतं. नग कोण हे कळल्यामुळे त्यात तसूभर फरक पडला नव्हता.

पण भीती वेगळीच होती, आणि ती त्याला घराच्या वळणावर गाठून उभी राहिली. तिचा सगळ्यात नवा लेख. डॉक्टरच्या बायकोने एक खोली पाहून ठेवली आहे. खिडकी उत्तरेला आहे, भाडं परवडेल, आणि एक वाचक वारंवार विचारतो त्या प्रश्नाचं उत्तर आता तिच्याकडे आहे. ते वाचून त्याने टाळी वाजवली होती. खरोखर, दोन्ही हातांनी. आणि लिहिलं होतं, "शाब्बास. आता उशीर करू नका. असली माणसं मी ओळखतो, ती बदलत नाहीत. तोच."

दार तिनेच उघडलं. घरात इस्त्रीचा वास होता, टेबलावर कुणाचातरी मोठा पडदा पसरलेला होता.

"काकूंचा फोन आला होता," ती म्हणाली. "एक कोटवाले आले होते म्हणे, पैसे देऊन खांबासारखे उभे राहिले, पाणी दिलं तर ठेवून गेले. मी म्हटलं, हे आमचेच."

"अस्तर फाटलं होतं."

"सांगायचं होतंस. मी घरी शिवलं असतं."

तिने पुन्हा इस्त्री हातात घेतली. बोलणं इथं संपायला हरकत नव्हती. रोज इथंच संपायचं. गप्प राहिलो तर, त्याने विचार केला, काही दिवस तरी सगळं आहे तसं राहील. ती लिहील, आपण वाचू. आणि एक दिवस कुणीतरी पाटी ओळखील. नाहीतर त्याआधीच उत्तरेची खिडकी.

"दुकानातला कोड बदलायला हवा," तो म्हणाला.

"का? चालतोय की."

"एकच कोड दोन ठिकाणी लावायचा नसतो. बघणाऱ्याला कळतं, दोन्हीकडचा माणूस एकच आहे. मी तुला सांगायला हवं होतं."

इस्त्री पडद्यावर थांबली. मग तिने ती उभी ठेवली, अगदी सावकाश, कापड जळू न देता.

"तू वाचलंस," ती म्हणाली.

"हो."

"आज?"

"नाही. पहिल्यापासून. ती तू आहेस हे आज कळलं."

तिच्या चेहऱ्यावर राग येईल, लाज येईल, असं काहीबाही त्याने वाटेत धरलं होतं. तिथं नुसती नापसंती होती, तळाशी घाण निघालेल्या पाण्याकडे बघावं तशी.

"पहिल्यापासून वाचलंस आणि तुला कळलं नाही?"

"नाही."

"एकदाही वाटलं नाही?"

"नाही."

"धन्य आहे तुझी." ती खुर्चीवर बसली. "एक वाचक आहे, त्याला न बघता सगळं कळतं. चार शब्द लिहितो, पण त्या चार शब्दांवर मी महिना काढते. आणि तू इथं, ह्या भिंतीला टेकून..."

"कुणीतरी रिकामटेकडा असेल," त्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

"त्याच्याबद्दल बोलू नकोस." एवढ्या चढ्या आवाजात ती कधी बोलली नव्हती. "त्याला नावं ठेवायची नाहीत. तो ऐकतो. तुला ऐकणं म्हणजे काय ते माहीत आहे का?"

त्याला आयुष्यात पहिल्यांदा एका माणसाचा खराखुरा मत्सर वाटला, आणि तो माणूस खिशात होता. ज्याने पैसे दिले त्याला, हवं असेल तर, आपणच दिले हे सिद्ध करता येतं. हा भाग पोपटाला फार आवडायचा. त्याने फोन काढला, आपण पाठवलेल्या ओळी उघडल्या आणि तिच्यासमोर धरला. त्याला काय हवं होतं? बहुतेक असं, की ती वाचील आणि वर बघील, आणि तिच्या डोळ्यांत त्या वाचकासाठी जे आहे ते सगळं ह्याच्या पदरात पडेल. इतका तो अजूनही मूर्ख होता.

तिने फोन हातात घेतला. वरपासून खालपर्यंत वाचलं. ठोंब्या, नग, सगळं. शेवटच्या ओळीपाशी ती बराच वेळ थांबली. मग तिने फोन परत केला.

"बरोबर लिहिलंय त्याने," ती म्हणाली.

"मी आहे तो."

"असशील. पण लिहिलंय ते बरोबर आहे. असली माणसं तो ओळखतो." ती उठली, पडद्याची घडी घातली, टोकाला टोक जुळवून. "खोली मी घेतलीये. येत्या एक तारखेपासून. तुला सांगणारच होते, कसं सांगायचं ते सुचत नव्हतं. आता सोपं झालं."

बोलण्यासारखं होतं ते सगळं त्याने आधीच लिहून पाठवलं होतं, वर पैसेही दिले होते.

"कोड नवा करायचा म्हणालास ना," ती म्हणाली. "माझा मी करीन. तू फक्त सांग कसा. नीट सांग, मला कळेल असं."

ती त्याच्या शेजारी येऊन बसली, आणि त्याने सांगितलं. दुकानाचं पाकीट वेगळं, लिहिण्याचं वेगळं; दोघांच्या किल्ल्या वेगळ्या. जुना कोड दुकानातून आणि पानावरून, दोन्हीकडून काढून टाकायचा. दोन्हीकडे वेगवेगळे नवे लावायचे, आणि पानावरचा दुसरीकडे कुठंही नाही. एकातले पैसे दुसऱ्यात घ्यायचे नाहीत. ती मधे मधे विचारत होती, आणि प्रश्न नेमके होते. कचेरीत इतके नेमके प्रश्न त्याला कुणी विचारले नव्हते. का, असं तिने विचारलं की तो का ते सांगत होता. इतकं सलग ते दोघं ह्या घरात कधी बोलले नसतील. तिची बोटं न चुकता फिरली, आणि तिच्या फोनवर एक नवा चौकोन उमटला. तो तिने त्याला दिसणार नाही असा धरला.

"आता समज, मी आणखी कुठंतरी लिहायला लागले, दुसऱ्या नावाने, दुसरंच काहीतरी," ती म्हणाली. "तू वाचलंस, पैसे दिलेस. तुला कळेल, ती मी आहे?"

"नाही."

"कुठल्याच मार्गाने?"

त्याने मनातल्या मनात सगळे मार्ग पाहिले. सगळे त्यानेच एकेक करून बुजवले होते. "नाही," तो म्हणाला. "कुणालाच कळणार नाही."

"नक्की?"

"नक्की. ते कामच माझं आहे."

तिने फोन छातीशी धरला आणि त्याच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, थोडं कौतुकच होतं, आणि त्याच्या कामाबद्दल तिने कधी काही म्हटल्याचं त्याला आठवत नव्हतं.

"हे मात्र तू फार छान केलंस," ती म्हणाली, आणि पडदा उचलून आतल्या खोलीत गेली.